छुट्टीची खूण

आमच्या घरात बोलायला तोंड फारसं लागायचं नाही. राजपुऱ्यात पुढे आमचं राहतं घर, मागे आबांची लूमची, म्हणजे विजेवरच्या मागांची, शेड, आणि मधली पडवी सुताच्या कांड्यांच्या टोपल्यांनी भरलेली. लूम सुरू झाले की फळीवरच्या वाट्या एकमेकींना लागून किणकिणत राहायच्या आणि माठातल्या पाण्यावर बारीक लाटा उठायच्या. बाहेरगावचा पाहुणा आला की कानांवर हात ठेवून बसायचा. आम्हाला मात्र तो खडखडाट असला की घर जागेवर आहे असं वाटायचं. अशा आवाजात कोण कोणाला हाका मारणार? म्हणून सगळं हातानं. पोटावर हात फिरवला की जेवायला या. चिमटीनं हवेत पीळ दिला की सूत तुटलं. आणि उजव्या हाताची दोन बोटं कात्रीसारखी उघडून मिटली की थान कापलं, काम उरकलं, छुट्टी. मी आधी बोलायला शिकले की आधी हात हलवायला, ते मायलाही सांगता यायचं नाही. अजून माझी सून नेपानगरहून आली की मी चुलीपाशी उभी राहून तिला हातानंच काहीबाही सांगते, आणि ती म्हणते, "आई, मी काय बहिरी आहे का?" तिला काय सांगू. लूम भंगारात जाऊन किती वर्षं झाली, माझे हात अजून त्याच आवाजात आहेत.

या खुणांमधली छुट्टीची खूण दरवाज्याखाली बसणाऱ्या पोरांनी उचलली. राजपुऱ्याच्या जुन्या दरवाज्याच्या सावलीत त्यांची बैठक, म्हणून ते दरवाजावाले. खाली तापीकडे उतरणाऱ्या रस्त्यावरचे ते घाटवाले. आजच्या पोरांना वाटतं टोळ्या सिनेमातून येतात. आमच्याकडे त्या लूमच्या पाळीतून आल्या. ज्यांची पाळी एकत्र सुटते ते एकत्र चहा पिणार, एकत्र बसणार आणि एकत्र मारामारीला जाणार. दरवाजावाल्यांचा म्होरक्या माझा सख्खा भाऊ दिगंबर. मी त्याला भाऊ म्हणायचे, आणि हळूहळू सगळी गल्लीच त्याला भाऊ म्हणायला लागली, त्याच्यापेक्षा मोठी माणसंसुद्धा. उंच, सडपातळ, बोलणं इतकं हळू की लूमच्या आवाजात त्याचे नुसते ओठ हलताना दिसायचे. माझ्यासाठी तो रामूशेठकडची मावा जिलेबी कागदात बांधून आणायचा, आणि त्या कागदावर कधी पाकाचा डाग असायचा, कधी दुसरा. मी विचारायचे नाही. जिलेबी खायचे. दरवाज्याखाली छुट्टीच्या खुणेचा अर्थ बदलला होता. एखाद्या दुकानाकडे बघून भाऊची दोन बोटं मिटली की दिवे लागेपर्यंत त्या दुकानाच्या काचा रस्त्यावर. माणसाकडे बघून मिटली की तो माणूस बरेच दिवस गल्लीत दिसायचा नाही, आणि दिसला की लंगडताना दिसायचा. घरात मात्र मायची तीच दोन बोटं आम्हाला सांगत असायची, की चला पोरांनो, आता जेवून घ्या.

नदीकाठच्या नवरात्राच्या मेळ्यात दोन्ही टोळ्या समोरासमोर आल्या आणि घाटावरच्या बंडूच्या उजव्या मनगटावर चाकू फिरला. चाकू कोणाचा होता ते कोणी पाहिलं नाही. सगळ्यांनी पाहिलं असं म्हणा हवं तर. बंडूची ती बोटं पुन्हा कधी मिटली नाहीत. बंडूचा मोठा भाऊ यशवंत, घाटवाल्यांचा म्होरक्या, मिशीला पीळ देणारा. तो आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहिला, आमच्या घराकडे पाहून निघून गेला. त्यानंतर मायनं भाऊला एकट्याला पाणी आणायलाही पाठवलं नाही. शेवटी पोलिसातल्या एका साहेबांनी आबांना आणि यशवंतच्या विधवा आईला, गिरजामावशीला, बोलावून घेतलं. म्हणाले, "हे दोघं गावात राहिले तर एक मसणात जाईल अन् दुसरा जेलात. खंडव्याला फौजेची भरती आहे. पळता येतं ना तुमच्या पोरांना?" आबा घरी येऊन म्हणाले, "पळायचं काय विचारता म्हनलं साहेब, तुमच्यापुढं पळून पळूनच तं तयार झाले ते." त्या दिवसांत आमच्या घरात झालेला तेवढाच एक विनोद. दोन्हीकडची बरीच पोरं खंडव्याला गेली, बरीच परत आली. हे दोघं तेवढे निवडले गेले. गाडीत बसवायला दोन्ही टोळ्या आल्या होत्या, फलाटाच्या दोन टोकांना. गाडी हलली तेव्हा मायनं नि गिरजामावशीनं एकमेकींकडे पाहिलं. दोघींच्या तोंडाला पदर.

भाऊ पहिल्यांदा छुट्टीवर आला तेव्हा मला तो पाहुणाच वाटला. केस बारीक, मान ताठ, अंथरुणाची घडी अशी की मला तिच्यावर बसायला भीती वाटावी. मायनं बट्टी केली होती, वरण, वांग्याचं भरीत, वर कच्चं तेल. तो भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून जेवायला बसला आणि आमचं निम्मं व्हायच्या आत उठायला लागला. मायनं हात धरून खाली बसवला. लाईट गेलेली होती, म्हणून सगळं तोंडानं बोलणं चाललं होतं. तेव्हा कळलं की दोघं एकाच पलटणीत आहेत, आणि उंची सारखी म्हणून रांगेतही शेजारी आणि खाटही शेजारी.

"शेजारी म्हंजे किती शेजारी?" मायनं विचारलं.

"हात लांब केला तर लागेल एवढी."

"मंग तू झोपतो कसा?"

"त्याच्याकडे तोंड करून." भाऊ हसला. "तो पण."

मायचा हात वरणाच्या पळीवरच राहिला. तिला सीमेवरच्या दुश्मनाची भीती कधी वाटली नाही. तो लांब होता, त्याला भाऊचं नावही माहीत नव्हतं. तिला हात लांबवला की लागणाऱ्या त्या खाटेची भीती वाटली, आणि त्या दिवसापासून ती भीती आमच्या घरात राहायला आली.

"मागच्या थंडीत बर्फात माझे पाय काळे पडायला लागले होते," भाऊ सांगत होता. "यशवंतनं चोळले. पहाट झाली तरी चोळत होता."

"त्यानं? कामून?"

"हुकूम होता, माय."

"आन हुकूम नसता तं?"

भाऊनं बट्टी कुस्करली, तूप ओतून घेतलं, पुन्हा कुस्करली. पडवीत किसन बसला होता. तो आमच्या लूमवर कामाला, आणि दरवाजावाल्यांमध्ये भाऊच्या उजव्या बाजूला बसणारा. तो पुढे सरकून म्हणाला, "भाऊ, तिथं तं सगळ्यांजवळच बंदूक असते न? एखादी गोळी इकडची तिकडं गेली तं कोन विचारू राहिलं?"

"गोळ्या मोजून देतात अन् मोजून घेतात, किशा."

"मंग बिनागोळीचं पाहा काही."

दाराशी बसलेली पोरं हसली. भाऊ हसला नाही, रागावलाही नाही. किसनकडे तो असा पाहत राहिला जसे आबा बिघडलेल्या लूमकडे पाहायचे, कुठून उघडावा म्हणून. मग म्हणाला, "जेव तू." मला त्या दोन शब्दांनी का थंडी वाजली ते तेव्हा कळलं नाही. आज वाटतं, त्याचं ते हळू बोलणं मला लहानपणापासून माहीत होतं, पण त्याच्या मागे इतकी शांतता मी पहिल्यांदा ऐकली. फौजेनं त्याला सुधरवलं असं आबा सगळ्यांना सांगत होते. मला वाटत होतं की फौजेनं त्याला फक्त वाट पाहायला शिकवलं आहे.

आता ती दुपार सांगते. भाऊ परत फौजेत गेला होता, उन्हाळा लागला होता. केळीनं भरलेले ट्रक बाहेरच्या रस्त्यानं जायचे आणि त्यांच्यातला हिरवा, चिकट वास गल्लीत उतरायचा. मी आणि माय पडवीत कांड्या भरत होतो, किसन लूमवर. तेवढ्यात रामूशेठ शेडच्या दारात आला. गल्लीत फोन फक्त त्याच्या जिलेबीच्या दुकानात, सगळ्यांचे निरोप तोच आणायचा. हात पाकानं चिकट, कपाळाला घाम. तो तोंडानं काहीतरी ओरडत होता, पण लूमपुढे त्याचं काय चालणार. मग त्यानं आमच्याच भाषेत सांगायला घेतलं. कानाशी मूठ नेली, म्हणजे फोन आला. कपाळाला सलाम केला, म्हणजे भाऊचा. नदीकडे हात केला आणि नसलेल्या मिशीला पीळ दिला, म्हणजे यशवंत. आणि मग उजव्या हाताची दोन बोटं उघडली आणि मिटली. कढईत जिलेबी जळत असणार, कारण एवढं करून तो आला तसा पळत गेला.

आणि लाईट गेली. लूम थांबताना एकदम थांबत नाहीत, दोन-चार ठोके देतात आणि मग थांबतात. आमच्या शेडचे थांबले, शेजारचे थांबले, मग सगळ्या गल्लीचे. त्या शांततेत किसन म्हणाला, "केली. भाऊनं यशवंतची छुट्टी केली."

तो काही ओरडला नव्हता. पण लाईट असती तर ते वाक्य आमच्या शेडमध्येच मेलं असतं. तसं झालं नाही. पत्र्याच्या पलीकडून कोणीतरी म्हणालं, "काय? कोनाची?" आणि त्याच्या पलीकडून कोणीतरी सांगितलं. गल्लीच्या त्या टोकापर्यंत ते वाक्य जाताना मी कानांनी ऐकलं, जसं पाणी पन्हळीतून जाताना ऐकू येतं.

"काय बोलू राहिला रे मेल्या!" माय कांडी टाकून उठली. "छुट्टी मंजूर झाली असेन त्याची. फौजेत छुट्टीच म्हनतात तिले."

"काकू, तुम्ही लई साध्या," किसन म्हणाला. त्याचा चेहरा लग्नघरातल्यासारखा फुलला होता.

मायनं मला रामूशेठकडे पिटाळलं. तो झारा हातात घेऊन उभा होता.

"शेठ, भाऊ काय बोलला नक्की?"

"आवाज फाटू राहिला होता पोरी. यशवंतची छुट्टी झाली, मी निघालो, माय को बोलना. एवढंच समजलं."

"झाली म्हणाला की केली म्हणाला?"

रामूशेठनं झारा कढईवर तसाच धरला. पाक थेंबथेंब गळत होता. "झालीच म्हनला असेन," तो म्हणाला. मग माझ्याकडे पाहून हळूच बोलला, "आता तू विचारलं तं मलेच शंका येऊ राहिली."

त्यानंतरचे दिवस मी कसे सांगू. घाटाकडून येणारी दूधवाली यायची बंद झाली. नदीवर धुणं धुवायला गेले तर बायका आपापले दगड सोडून उठल्या. दरवाजावाले मोठ्यानं काही बोलत नव्हते, पण त्यांचा चहा जास्त वेळ चालायचा. एका सकाळी आमच्या दाराच्या कडीला कोणीतरी कांडी बांधलेली, तिचं सूत अर्ध्यातच कापलेलं. मायनं ती सोडवून चुलीत टाकली आणि कोणाला सांगितलं नाही, मी पाहिलं म्हणून मला माहीत. यशवंत मेला आहे आणि त्याला दिगंबरनं मारलं आहे, असं घाटावर ठरून गेलं होतं. भाऊ गाडीतून उतरला की काय होणार हेही ठरलं होतं. त्याला येऊ नको म्हणून कळवायचं तर कुठे कळवणार, तो निघालेला होता. मायच्या हातात एकच गोष्ट उरली होती, की दोघं एकत्र उतरावेत. "दोघं छुट्टीवर येऊ राहिले," ती येईल त्याला सांगायची, "दोघं येतीन, तुम्ही पाहाच." आणि खुणेची ती दोन बोटं कोणी घरात उचलली की त्यांच्यावर फटका मारायची.

प्रवासाचे दिवस मोजून आबांबरोबर टांग्यात बसून मी आमच्या गावच्या, लालबागच्या, स्टेशनवर गेले. हट्टानं गेले. बहीण सोबत असली तर कोणी हात उगारणार नाही असं मला वाटलं होतं, त्या वयात काहीही वाटतं. घाटवाले चहाच्या टपरीपाशी उभे होते, सगळे एकाच बाजूला तोंड करून. बंडू पुढे. त्याचा उजवा हात लोंबत होता आणि डावा सदऱ्याच्या आत होता. गाडी आली. भाऊ उतरला. त्याच्या दोन्ही हातांत काळ्या ट्रंका होत्या, एकीवर पांढऱ्या रंगात त्याचं नाव, दुसरीवर यशवंतचं. तो उतरला, आणि आम्ही सगळे, आम्ही नि घाटवाले, त्याच्या मागच्या दाराकडे बघत राहिलो. दुसरं कोणीच उतरलं नाही. गाडी सुटली. फलाट रिकामा होत गेला आणि शेवटी आम्हीच उरलो.

भाऊनं इकडे तिकडे पाहिलं. "यशवंत नाही उतरला? मागच्या डब्यात चढला असेल वाटलं," तो म्हणाला. "खंडव्याला पाणी भरायला उतरला होता. गाडी हलली, गर्दी होती. मला वाटलं चढला असेल." आणि मग तो सरळ टपरीकडे चालत गेला. बंडूचा डावा हात सदऱ्यात हलला. भाऊ त्याच्यासमोर जाऊन थांबला, ट्रंक त्याच्या पायाशी ठेवली आणि नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाला, "तुझ्या भावाची आहे. मावशीच्या हातात देतो. चल घरी." मारायला उभ्या असलेल्या माणसांना कोणी स्वतःहून घरी चल म्हणालं तर त्यांनी काय करावं? ते चालायला लागले. आमचा टांगा पुढे आणि ते मागे, असे आम्ही नदीपर्यंत गेलो.

गिरजामावशी अंगणात खापरावर मांडे करत होती. पोरगा येणार म्हणून पहाटेपासून पुरण वाटलं असणार, हाताला हळद होती. तिनं भाऊला पाहिलं, ट्रंकेकडे पाहिलं, मागे कोणी आहे का म्हणून पाहिलं. भाऊनं पुन्हा तेच सांगितलं, खंडवा, पाणी, गर्दी, जसंच्या तसं, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. "येईल मागच्या गाडीनं," आबा म्हणाले. मावशीनं पितळेचं ताट घेतलं, त्यावर मांडा ठेवला, तुपाची धार धरली आणि भाऊपुढे सरकवलं. तो भिंतीला पाठ लावून बसला आणि खाल्लं. सगळं खाल्लं. घाटवाले दारात उभे राहून त्याचं खाणं पाहत होते.

तेव्हा मावशी ट्रंकेजवळ बसली आणि तिचा हात थांबला. मीही तेव्हाच पाहिलं. ट्रंकेच्या कडीला फौजेची पाण्याची बाटली बांधलेली होती, हिरव्या कापडातली, आणि त्या कापडावर पांढऱ्या रंगात यशवंतचंच नाव.

अंगणात सगळ्यांना ती दिसली असेल की नाही, सांगता येत नाही. मावशी तिच्याकडे पाहत बसली. भाऊनं बोट चाटलं आणि म्हणाला, "माझी घेऊन उतरला होता, मावशी." त्याला कोणी काही विचारलं नव्हतं. त्याची स्वतःची बाटली त्याच्याजवळ नव्हती हे खरं, ते मी नंतर त्याच्या सगळ्या सामानात शोधून पाहिलं. पण त्या अंगणात त्याला कोणी काही विचारलं नव्हतं.

मावशीनं बाटलीची गाठ सोडली. माठापाशी जाऊन ती काठोकाठ भरली, पदरानं पुसली आणि भाऊच्या हातात दिली. "धर लेकरा," ती म्हणाली. "वाटेत तहान लागेन." घाटापासून आमचं घर हाकेच्या अंतरावर. भाऊनं बाटली घेतली. ती उघडली नाही, नुसता तिच्यावरच्या नावावरून अंगठा फिरवत राहिला, आणि ते भीतीनं, दुःखानं, की आणखी कशानं, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही.

बंडूनं तेव्हा डावा हात सदऱ्यातून काढला. चाकू नव्हता काढला. त्यानं भाऊकडे बघून दोन बोटं उघडली आणि मिटायच्या आत गिरजामावशीनं त्या हातावर असा फटका दिला की आवाज झाला.

"खाली कर हात! माहा यशवंत छुट्टीवर आहे. येईन तेव्हा येईन. जो छुट्टीवर आहे त्याचा बदला घेत नसतात. ज्याले घ्यायचा असेन त्यानं आधी मले तोंडावर सांगावं का माहा पोरगा मेला."

कोणीच सांगितलं नाही. कोण सांगणार होतं? भाऊ उठला, तिच्या पाया पडला, आणि आम्ही घरी आलो.

यशवंत मागच्या गाडीनं आला नाही, त्याच्या मागच्याही नाही. फौजेतून माणसं आली, पोलीस आले, खंडव्यापर्यंत रुळांवर शोधलं, काही सापडलं नाही. शेवटी भगोडा, म्हणजे फौजेतून पळालेला, म्हणून त्याचं नाव कापलं गेलं. भाऊची छुट्टी संपली तसा तो परत गेला, पुढे पेन्शन लागेपर्यंत नोकरी केली, हवालदार होऊन आला, पण लग्न केलं नाही. घरी असला की भिंतीला पाठ लावून निजायचा, तोंड शेजारच्या रिकाम्या जागेकडे. माय असेपर्यंत तिनं त्याला एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला उत्तर मिळालं असतं, म्हणून नाही विचारलं, असं मला वाटतं. आमच्याशी पुन्हा कोणी भांडलं नाही. दुकानात आम्हाला आधी माल मिळायचा, नळावर बायका आमची घागर आधी लावायच्या. भीतीचा मान कसा असतो तो मी लग्न होऊन नेपानगरला जाईपर्यंत भोगला. आणि घाटावर दर वर्षी उन्हाळ्यात मांडे भाजल्याचा वास यायचा. कोणी विचारलंच तर गिरजामावशी सांगायची, यशवंत छुट्टीवर आहे. दोन्ही टोळ्या तिच्या त्या एका शब्दाखाली बसून राहिल्या. सगळ्यांना वाटायचं, म्हातारी आहे तोवरच हे.

म्हातारी गेली. तोवर माझा नवरा गेला होता, भाऊला लकवा मारला होता, आणि मी त्याचं करायला राजपुऱ्यात परत आले होते. त्याची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. मावशीचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी बंडू आमच्या दारात उभा. केस सगळे पांढरे, उजवा हात तसाच लोंबता. मी देवाचं नाव घेत बाजूला झाले. तो आत आला, खाटेजवळ गेला, आणि चादरीवर पडलेल्या भाऊच्या उजव्या हाताकडे बराच वेळ पाहत राहिला. मग गेला. पाणीसुद्धा घेतलं नाही.

आता पहाटे खिडकीखालून पोरं पळताना ऐकू येतात. भरतीची तयारी. फौजेतली नोकरी आता चार वर्षांचीच झाली आहे म्हणे. हीच पोरं दिवसभर दरवाज्याखाली बसलेली असतात, मोबाइलवर रील टाकतात, आणि रीलमध्ये शेवटी सगळे मिळून दोन बोटं उघडून मिटतात. ती त्यांची खूण आहे. कुठून आली ते त्यांना माहीत नाही, लूम पाहिलेला नाही एकानंही. परवा त्यांच्यातले काही जण आणि घाटावरचे दोघं निवडले गेले. इकडचे जाण्याआधी भाऊच्या पाया पडायला आले. त्यांना तो फौजी चाचा.

"घाटवाले भी साथ में आहेत म्हणे," मी म्हटलं. "सांभाळून राहा रे."

"राहू दे ना आजी," एक जण हसला. "तिथं तर ट्रेनिंग मिळणार. मग बघू एकेकाला."

ते हसत बाहेर पडले. मी दार लावलं नाही. खाटेपाशी बसले, भाऊचा चेहरा पुसला, आणि का कोण जाणे, मायनं जन्मभर जे विचारलं नाही ते माझ्या तोंडून निघून गेलं. "भाऊ, यशवंतचं काय झालं रे?"

त्याचे डोळे माझ्याकडे वळले. डोळे साफ होते. त्याला कळलं होतं. डावा हात चादरीतून बाहेर आला, खूप सावकाश वर गेला, आणि त्याची दोन बोटं उघडली. थोडा वेळ तशीच राहिली. मग मिटली.

खिडकीबाहेर पोरं अजून उभी होती. त्यांना वाटलं चाचानं त्यांनाच निरोप दिला. सगळ्यांनी हात वर केले, सगळ्यांची बोटं एकदम उघडली आणि मिटली, आणि त्यांच्यातला एक जण ओरडला, "चाचा, आता छुट्टीवरच भेटू!"